सीट उघडायचा पाना सीटखालीच?

प्रश्न : दादा, मी वाळपईचा, कामानिमित्त बेळगावला जाणं-येणं असतं, चोर्ला घाटातून. मागच्या पावसात केरी सोडून घाट चढायला लागलो आणि मोटरसायकल एकदम ठप्प, हॉर्न नाही की लाईट नाही. फ्यूज गेला असणार हे कळत होतं पण फ्यूज पुढच्या सीटखाली, सीट दोन ॲलन बोल्टांवर (डोक्यात षटकोनी खोबण असलेले), आणि गाडीसोबत आलेलं टूलकिट पण त्याच सीटखाली! फोनला रेंज नाही. शेवटी एका टेम्पोवाल्याने गाडी चढवून घेतली. आता रस्त्यावर सीट काढता येईल एवढंच छोटं किट करायचंय, बाजारातला ४०-५० नगांचा डबा नकोय. काय काय घेऊ?

उत्तर : भाऊ, डबा नको म्हणालात तिथेच अर्धं काम झालं. त्या डब्यातले निम्मे नग तुमच्या गाडीला लागतच नाहीत आणि जो लागतो तो नेमका मऊ लोखंडाचा निघतो.

आधी विकत काहीच घेऊ नका. रविवारी गाडी अंगणात घ्या, सीट स्वतः काढा, आणि ज्या-ज्या हत्याराने बोल्ट फिरला तेवढंच बाजूला ठेवा, तेच तुमचं किट. साधारण हिशोब असा की ६ एमएम जाडीच्या बोल्टचं षटकोनी डोकं बहुतेक वेळा १० नंबरच्या पान्याचं असतं, ८ एमएमचं १२ किंवा १३ चं. ॲलन असेल तर ६ एमएमच्या उंच गोल डोक्याला ५ ची की लागते आणि ८ एमएमवाल्याला ६ ची, पण बसकं घुमटासारखं डोकं असेल तर तीच मापं ४ आणि ५ होतात, म्हणून अंदाजाने घेऊ नका, लावून बघा. काही गाड्यांना चांदणीच्या आकाराचा स्टार बोल्ट असतो, त्याला ॲलन की ठोकून बसवायची हौस करू नका.

आता खरी अडचण अशी असते की बोल्ट कॅरियरच्या नाहीतर ग्रॅब रेलच्या (मागच्याने धरायच्या दांडीच्या) खाली आत दडलेला असतो आणि एल आकाराच्या कीचा आखूड पाय पण तिथे शिरत नाही. त्यावर गॅरेजवाल्यांचा जुना जुगाड आहे, बोल्ट ६ च्या कीचा असेल तर ६ ची ॲलन की घ्यायची, तिचा सरळ भागातला साधारण इंचभर तुकडा ग्राइंडरवर कापून घ्यायचा, तो बोल्टात बसवायचा आणि वरून ६-७ च्या रिंग पान्याने फिरवायचा. उंची लागते फक्त इंचभर. हॅक्सॉने कापायला जाल तर पातं बोथट होईल, की कडक पोलादाची असते. आणि ग्राइंडरवर पण थांबून-थांबून, मधे पाण्यात बुडवत कापा, टोक निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला समजा. जागा मोकळी असेल तर हे काहीच लागत नाही, कीचा आखूड पाय बोल्टात घालायचा आणि लांब दांडीवर दहाच्या पान्याची रिंग अडकवून लिव्हर करायची, गंजलेला बोल्ट पण कुरकुरत सुटतो.

गंज म्हटलं की आपल्या गोव्याचं सांगायलाच हवं. किनाऱ्याकडे खारा वारा, सत्तरी-डिचोलीकडे तांबडी धूळ, आणि वरून चार महिने पाऊस. ॲलन बोल्टाच्या खोबणीत ही तांबडी माती बसून विटेसारखी घट्ट होते, मग की अर्धीच आत जाते, आपण जोर लावतो आणि कोपरे गोल होतात. म्हणून किटमध्ये एक टोकदार खिळा ठेवा, आधी खोबण कोरून साफ करा, की तळाला टेकली की मगच फिरवा. घरी सीट काढाल तेव्हा आट्यांना बोटभर ग्रीस लावून ठेवा. बसवताना मात्र किती आवळायचं ते बघा, ६ एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर म्हणजे मनगटाचा जोर पुरे, खांदा लावलात की आटे गेले.

तर तुमच्या गाडीला माप जुळलेली ॲलन की, तो तुकडा आणि ६-७ चा रिंग पाना, १०-११ चा पाना, दोन्हीकडून वापरता येणारा छोटा डिसमिस (स्क्रू ड्रायव्हर), छोटी पक्कड, खिळा, एक जादा बोल्ट वॉशरसकट, आणि फ्यूज. फ्यूज त्याच अँपियरचे दोन, रंगावरून ओळखता येतात, लाल १०, निळा १५, पिवळा २०. १५ च्या जागी २० घालून घाट चढणारे वीर असतात, त्यांची वायरिंग जळते. सगळ्याला तेलाचा हात फिरवून दुधाच्या पिशवीत गुंडाळा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून त्यात कोंबा, खडखडत नाही आणि पाणी पण शिरत नाही. आणि हे बंडल सीटखाली ठेवायचं नाही! कमरेच्या पाऊचमध्ये, टँकबॅगेत, नाहीतर हाताने उघडणाऱ्या साईड पॅनेलच्या मागे बांधा.

रस्त्यात सीट काढताना बोल्ट उलट्या हेल्मेटमध्ये टाका. बोल्टासोबत रबराच्या आतली लोखंडी नळी पण निघते, ती बहुतेक जण हरवतात आणि मग सीट कायमची डुगडुगते. बसवताना आधी सीटची पुढची जीभ टाकीखालच्या पट्टीत सरकवायची, मग मागून दाबायचं, आणि बोल्ट आवळायच्या आधी पुढून हाताने उचलून बघायचं, उचलली तर जीभ बसलेली नाही. त्याच वेळी वायर सीटच्या तळाखाली चेपत तर नाही ना तेही बघा. मला तर शंका आहे की तुमचा फ्यूज त्यामुळेच गेला असावा, कोणी सर्व्हिसिंगला सीट काढून घाईत बसवली असेल तर असं होतं. नवा फ्यूज घातल्या-घातल्या परत उडाला तर तिसरा घालू नका, आधी सोललेली वायर शोधा.

प्रश्न : मी पेडण्याला पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला आहे. माझ्या गाडीची सीट चावीने उघडते, पण आता चावी फिरते आणि सीट उघडत नाही. कुलूप फोडू का?

उत्तर : नको हो. सीटच्या मागच्या बाजूवर, जिथे लॉकची खिटी आहे तिथे, एका हाताने जोरात खाली दाबा आणि दाबलेलं असतानाच चावी फिरवा, खिटीवरचा ताण सुटला की बहुतेक वेळा टक् करून उघडते. नाही उघडली तर चावीच्या मागची केबल निसटली किंवा तुटली असणार. साईड पॅनेल काढून केबलचं टोक दिसतंय का बघा, दिसलं तर पक्कडीने ओढा. उघडल्यावर केबल बदलेपर्यंत त्या टोकाला बारीक तार बांधून तिचं दुसरं टोक पॅनेलच्या आत लपवून ठेवा, बाहेर लोंबत ठेवलीत तर स्टँडवरचा कोणी पण ओढून बघेल.