रस्त्यावरचं कुत्रं घरी आणलंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. कुत्र्याला रुळायला वेळ द्यायचा, तिथे लोक घाई करतात. आणि तासाभरात दवाखाना गाठायला हवा, तिथे ‘बघू दोन दिवस’ म्हणत बसतात. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. रस्त्यावरून किंवा एखाद्या संस्थेकडून कुत्रं आणलेल्यांच्या आणि आणू पाहणाऱ्यांच्या प्रश्नांनाच उत्तरं देते.

काल शेळगीतून पिल्लू उचलून आणलं. फार मळलंय. आज आंघोळ घालू का?

नको. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

दोन वर्षांची कुत्री आणून आठवडा झाला. दिवाणाखालून बाहेर येत नाही. सगळे झोपले की रात्री खाते. मुलांनी ओढून काढायला हात घातला तर गुरगुरली. शेजारी म्हणतात, चावरी निघणार, परत सोडून द्या. (जुळे सोलापूर)

गुरगुरली म्हणजे तिनं सांगितलं: ‘आणखी जवळ येऊ नका.’ चावायच्या आधी बजावणारी कुत्री शहाणी असते. गुरगुरण्याबद्दल तिला मारलंत, तर ती गुरगुरणं सोडेल, चावणं नाही. मग पुढच्या वेळी न सांगता दात लागेल.

ती आली कुठून, ते डोळ्यासमोर आणा. तिनं आजवर फिरता पंखा पाहिलेला नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, गुळगुळीत टाइल्सवरून घसरणारे पाय, सगळंच तिला नवं आहे. रस्त्यावर तिच्या दिशेनं उठलेल्या हातात बहुतेक वेळा दगडच होता. दिवाणाखाली तिच्या पाठीला भिंत आहे आणि समोरचं सगळं दिसतंय. तिथून ओढून काढणं म्हणजे सात दिवसांत जमलेला विश्वास एका मिनिटात घालवणं.

काय करायचं? घरातली जुनी चादर दिवाणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. दिवसातून दोन-तीनदा तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा आणि आपलं काम करा, भाजी निवडा, पेपर वाचा. मधूनच न बघता भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा मागे टाका. डोळ्याला डोळा लावू नका. ती ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल, मान फिरवत असेल, तर तिला ताण येतोय, उठून जा. ‘आमचं नवं कुत्रं बघायला या’ म्हणून महिनाभर कुणालाही बोलावू नका. आमच्याकडे एक ठोकताळा आहे: पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची शिस्त समजायला, तीन महिने घर आपलं वाटायला. हा काही नियम नाही, काहींना वर्ष लागतं. पण सातव्या दिवशी निकाल लावू नका.

परत सोडून देण्याचा विचारही करू नका. अनोळखी गल्लीत सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री फाडतात. नसबंदी केलेलं कुत्रं पकडलं त्याच जागी सोडायचं, असं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे, त्यामागे हेही कारण आहे. ती रात्री खाते, पाणी पिते, तोवर धीर धरा. मोठ्या कुत्र्यानं दोन दिवस काहीच खाल्लं नाही किंवा पाणी सोडलं तर डॉक्टर. लहान पिल्लानं खाणं सोडलं तर त्याच दिवशी.

नसबंदीआधी एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, असं म्हणतात. खरं का?

खोटं. पिल्लं झाल्यानं तब्येत सुधारत नाही, आणि नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पुढे पू होण्याचा धोका राहतो. ऑपरेशन कधी करायचं ते वजन, वय आणि रक्त तपासून तुमचे डॉक्टर ठरवतील. संस्थेकडून आणलेल्या कुत्रीच्या कानाला खाच असेल, तर बहुधा नसबंदी झालेली आहे. तरी कागद मागून घ्या.

दीड महिन्याचं पिल्लू आणलं. खेळताना आठ वर्षांच्या मुलीच्या बोटाला दात लागला, थोडं रक्त आलं. सासूबाईंनी हळद दाबली. पिल्लाला दुसऱ्याच दिवशी लसही दिली. एवढ्याशा पिल्लानं काय होतंय, असं सगळे म्हणतात. मुलीला पोटात १४ इंजेक्शनं द्यायची भीती वाटते. (बाळे)

ताई, पुढचं नंतर वाचा. आधी मुलीला घेऊन सिव्हिलला जा. किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. कितीही झाले असले तरी आज जा.

आता एकेक मुद्दा घेते, कारण अशी पत्रं मला दर महिन्याला येतात.

‘एवढंसं पिल्लू.’ रेबीजला वय लागत नाही. पिसाळलेल्या कुत्र्यानं पिल्लाला एकदा चावलं की झालं, आणि रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाला कोण कधी चावलं हे आपल्यापैकी कुणीही पाहिलेलं नसतं. रोग अंगात असूनही ते कित्येक आठवडे हुंदडत राहू शकतं.

‘लस दिली.’ कुठली? दीड महिन्यात देतात ती पार्वो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांची. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. कार्डावर दोन्हींची लेबलं वेगवेगळी चिकटवलेली असतात, ती बघा. आणि रेबीजची लस दिली तरी अंगात आधीच शिरलेला विषाणू त्या लशीनं मरत नाही.

‘हळद.’ हळद, तिखट, चुना, तेल, यातलं काहीही जखमेवर नको. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं फार लांब वाटतात आणि लोक दोन मिनिटांत थांबतात. जखम लगेच धुणं हा निम्मा उपचार आहे.

‘पोटात १४ इंजेक्शनं.’ ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, ती बंद होऊन वीस वर्षं उलटली. आता दंडात द्यायची असेल तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७, २८ या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. पिल्लू दहा दिवस डोळ्यासमोर ठेवायचं हे बरोबर, पण मुलीची लस सुरू करून, ती अडवून नाही. दहा दिवसांनी पिल्लू ठणठणीत असेल तर पुढचे डोस घ्यायचे की नाही, ते तिथल्या डॉक्टरांना विचारा. स्वतः ठरवू नका.

काही वर्षांपूर्वी एक कुटुंब चादरीत गुंडाळून पिल्लू घेऊन माझ्याकडे आलं. खालचा जबडा लोंबत होता, तोंड मिटत नव्हतं, लाळेची तार चादरीवर पडत होती. ‘घशात हाड अडकलंय, काढून द्या.’ येण्याआधी घरातल्या तिघांनी तोंडात बोट घालून हाड शोधलं होतं, आणि त्यातल्या एकाचं बोट भाजी चिरताना कापलेलं होतं. हाड नव्हतंच. रेबीज होता, पिसाळून धावणारा नाही, मुका, लुळा पाडणारा. पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. तिघांना मी टेबलापासून थेट बेसिनकडे पाठवलं आणि तिथून सिव्हिलला. सगळे डोस झाले, तिघंही धडधाकट आहेत. पण ते आले होते हाडासाठी. एक दिवस आणखी वाट बघू म्हणाले असते, तर त्या लाळेचा विषय कुणाच्या डोक्यातही आला नसता.

विषाणू जखमेपासून नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. माणसात लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षही. लस घ्यायला मिळतो तो वेळ एवढाच. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून दात लागला, नखानं ओरखडा आला, जखमेवर चाटलं, तर आधी धुवा आणि माणसांच्या डॉक्टरांकडे जा. मला पत्र लिहिणं त्यानंतर.

आमचं आधीचं पिल्लू पार्वोनं गेलं. महिना झाला. दुसरं दत्तक घेऊ का?

लस न झालेलं पिल्लू इतक्यात नको. पार्वोचा विषाणू फरशीच्या सांधीत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि फिनेलनं तो मरत नाही. आधी घाण धुऊन काढा, मग ब्लीचचं पाणी, एका भागाला तीस भाग, दहा मिनिटं राहू द्या. जुनं अंथरूण, भांडी, पट्टा टाकून द्या. लशी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं घ्या. मायेला ते तसूभरही कमी पडत नाही. आणि ज्यांच्याकडे आज पिल्लाला उलट्या आणि रक्ताची संडास होतेय, त्यांनी मेडिकलमधून गोळी आणू नये. ते सलाईनचं काम आहे, तेही आजच.

गोचीड खूप आहेत. रॉकेल लावलं तर जातील म्हणतात. शेतात फवारायचं औषध पण घरात आहे. (मोहोळ)

दोन्ही लावू नका. शेतातल्या औषधानं थरथर कापत, तोंडाला फेस येऊन आलेली कुत्री मी टेबलावर गमावली आहेत. गोचीड मारायच्या गोळ्या, थेंब मिळतात, पण डोस वजनावर असतो आणि लहान पिल्लांना सगळं चालत नाही, म्हणून विचारूनच. मादी भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. फटी बुजवल्या नाहीत तर तुम्ही नुसतं कुत्रंच धूत बसाल. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त असं काही दिसलं तर गोचीडताप असू शकतो. रक्त तपासा.

दुकानदार म्हणाला, गावठी पिल्लाला कॅल्शियमचं सिरप आणि परदेशी फूड दिलं नाही तर पाय वाकडे होतात. दोन्हींचे मिळून महिन्याला तीन हजार सांगितले.

न विचारता कॅल्शियम देऊ नका. जास्त झालं तरी वाढत्या हाडांना त्रास होतो. चांगलं तयार खाणं वाईट नसतं, पण ते परदेशीच हवं हे विक्रीचं बोलणं आहे. ज्वारीची मऊ भाकरी, भात, अंडं, शिजवलेलं चिकन यांवर पिल्लू छान वाढतं, मात्र नुसत्या भाकरीवर नाही, आणि प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दुधानं अनेकांना जुलाब होतात. कांदा-लसणाचा रस्सा, शेंगाचटणी, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं बंद.

‘लॅब (लॅब्राडोर) पिल्लू मोफत दत्तक, फक्त गाडीभाडं आधी पाठवा’ अशी जाहिरात आली आहे. पाठवू का?

नाही. पिल्लू डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

सोसायटी म्हणते, कुत्रं ठेवायचं नाही असा ठराव केलाय.

असा ठराव करता येत नाही. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना आहेत. पण शी उचला, लिफ्टमध्ये दोरी आखूड धरा, लशीचं कार्ड सेक्रेटरींना दाखवा, आणि प्रकरण वाढलं तर वकिलाला विचारा.

घरात जागा नाही, म्हणून गच्चीवर सावलीत बांधलंय. उन्हाळ्यात चालेल ना?

चालणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, सकाळची सावली अकरापर्यंत सरकते आणि साखळीतलं कुत्रं तिच्यामागे जाऊ शकत नाही. ते आपल्यासारखं अंगभर घामेजत नाही, धापा टाकूनच थंड होतं. हळहळ वाटते ती याची की, रस्त्यावर होतं तेव्हा ते गटारीशेजारी किंवा गाडीखाली गारवा शोधत होतं, तेवढंही आपण काढून घेतलं. जादा वेळ आखूड साखळीला बांधणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. खरंच जागा नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना दत्तक द्या. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक असतील, तोल जात असेल, तर अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं घेऊन दवाखान्यात या.

मागच्या वर्षी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाला (आतषबाजीला) घाबरून आमचं कुत्रं पळालं, तिसऱ्या दिवशी सापडलं. या वर्षी झोपेची गोळी देऊ का?

माणसांची गोळी अजिबात नको. त्या संध्याकाळी चार वाजताच फिरवून आणा, मग आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या बंद, कूलर किंवा टीव्ही सुरू, कुणीतरी सोबत बसलेलं. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर आजच लिहा. काही कुत्र्यांना खरोखर औषध लागतं आणि ते आधी एकदा देऊन बघावं लागतं. त्यासाठी पंधरा दिवस आधी या. दारूकामाच्या दिवशी दुपारी फोन करू नका.