पोर्ट उघडले, तरी घरचा सर्व्हर बाहेरून का दिसत नाही

आपण लिहिले आहे की कुटुंबाचे फोटो घरच्या सर्व्हरवर हलवले, राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याची सोय) केले, घरात सर्व काही सुरळीत चालते, पण घराबाहेर पडताच फोनवर नुसते चक्र फिरत राहते आणि 'पहिले होते तेच बरे होते' असे घरचे आता उघडपणे म्हणू लागले आहेत. हे दुखणे माझ्या चांगल्याच परिचयाचे असल्यामुळे सविस्तर लिहितो. सर्व्हर कसा बसवावा, डॉकर (सर्व्हरवर ॲप स्वतंत्र कप्प्यांत चालवण्याचे साधन) कसे चालवावे हे आपल्याला येते असे गृहीत धरतो. मी नेटवर्क क्षेत्रातला व्यावसायिक नाही; छंदापायी जे शिकावे लागले तेवढेच सांगतो.

फायरवॉलच्या नियमांशी झटापट करण्यापूर्वी राउटरच्या पानावर जाऊन वॅन (म्हणजे इंटरनेटकडच्या) बाजूचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला असेल, तर आपण सेवापुरवठादाराच्या सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेमागे) आहात आणि आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडली तरी उपयोग नाही. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक लागले आहेत. पुरवठादाराचे यंत्र ब्रिज मोडवर (म्हणजे ते राउटरचे काम न करता जोडणी नुसती पुढे देईल असे) टाकले की हा प्रश्न सुटतो. पत्ता राउटरवरच पाहावा, संगणकावर नव्हे, कारण टेलस्केल (आपली यंत्रे कोठूनही खासगी जाळ्यात जोडणारी सेवा) चालू असेल तर तेही आपल्या यंत्रांना याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते देते आणि निष्कारण दिशाभूल होते.

आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक पातळीवरचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि २०१२ मध्ये वरचा १००.६४ चा पट्टा खास सीजीनॅटसाठी राखून ठेवण्यात आला. अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले जातात. बाहेरून आलेली विनंती पुरवठादाराच्या यंत्रापर्यंत पोहोचते, पण ती कोणत्या ग्राहकाकडे पाठवायची याची नोंद तेथे नसल्यामुळे तेथेच संपते. आपल्या राउटरला ती आल्याचे कळतसुद्धा नाही.

मला सर्वाधिक महागात पडले ते ग्राहक सेवा केंद्र. कोणाचे, ते सांगत नाही; तसे अनुभव अनेकांकडे असतील. माझ्याकडे आधी सार्वजनिक पत्ता होता आणि सर्व काही व्यवस्थित चालत होते. पुरवठादाराने काहीही न कळवता जोडणी सीजीनॅटमागे नेली. तक्रार केली की राउटर बंद करून सुरू करायला सांगत, मग वेग मोजायला सांगत, वेग ठीक आहे म्हणून तक्रार निकाली काढत. घरी आलेल्या तंत्रज्ञाने केबल बदलली. 'तुमचा सर्व्हर ही तुमची जबाबदारी' हे उत्तर तर इतक्या वेळा ऐकले की दोष आपल्याच यंत्रात आहे असे मीही धरून चाललो, सर्व्हर पुन्हा पुन्हा नव्याने उभारत राहिलो, आणि प्रत्येक वेळी घरच्यांचे फोटो काही काळ दिसेनासे होत गेले. पत्ता बदलला आहे, एवढे एक वाक्य त्यांनी सांगितले असते तर पुढचे सारे टळले असते. पैसे फारसे गेले नाहीत. घरात या सर्व्हरवर जो थोडाफार विश्वास बसला होता, तो गेला.

म्हणून फोनवर 'सर्व्हर चालत नाही' असे सांगूच नका. लेखी विचारा: 'माझ्या जोडणीला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता आहे की ती सीजीनॅटमागे आहे? सार्वजनिक पत्ता मिळतो का, आणि त्याचे शुल्क किती?' अशा प्रश्नाला राउटर बंद-चालू करण्याचे उत्तर देणे त्यांनाही अवघड जाते.

सार्वजनिक पत्ता मिळाला तरी फोटोंचा सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. भाड्याच्या एखाद्या लहान सर्व्हरमार्गे वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून घराशी सुरक्षित खासगी जोडणी) वापरावे किंवा सरळ टेलस्केल घ्यावे. दोन्ही सीजीनॅटमागूनही चालतात. आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धती हाही मार्ग आहे, परंतु फोन ज्या जाळ्यावर असेल तेथेही आयपीव्ही६ लागते. घरच्यांना रोज व्हीपीएनचे बटण दाबायला लावलेत तर योजना बारगळली म्हणून समजा. आयफोनवरच्या वायरगार्ड ॲपमध्ये घरचे वाय-फाय सोडून इतरत्र जोडणी आपोआप सुरू करण्याची सोय आहे, ती वापरा.

थोडे विषयांतर, पण संबंध आहे. जाहिराती रोखण्यासाठी पाय-होल (घरातला डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणारा सर्व्हर) वापरत असाल, तर ते या सर्व्हरवर ठेवू नका. अन्यथा आपण सर्व्हर रीस्टार्ट केला की साऱ्या घराचे इंटरनेट बंद पडते. दुय्यम डीएनएस म्हणून पुरवठादाराचा पत्ता टाकण्याचा सल्ला मिळेल, पण दुसरा पत्ता फक्त अडचणीच्या वेळी वापरावा असे सर्व उपकरणे मानत नाहीत. छोटे वेगळे यंत्र घ्यावे आणि त्याला हात लावू नये. प्रयोग रात्री सर्वजण झोपल्यावर करावेत, हाही सल्ला मला पटत नाही: रात्री बिघडलेले सकाळी कोणाच्या तरी ऑनलाइन वर्गाच्या वेळीच लक्षात येते. प्रयोगांसाठी वेगळा राउटर असणे अधिक शहाणपणाचे.

फोटोंची जुनी ऑनलाइन सेवा लगेच बंद करू नये, हे वेगळे सांगायला नको. डिस्क रेडमध्ये (एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी अशा रचनेत) जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असेही नाही. मात्र घरच्यांना नेमके काय हवे आहे, ते विचारून घ्या. आमच्याकडे तक्रार मुख्यतः एकच होती: नातेवाइकांना अल्बमची लिंक पाठवता येत नाही. व्हीपीएनमागचा अल्बम त्यांना दिसणार नाही, आणि प्रत्येक नातेवाइकाच्या फोनवर व्हीपीएन बसवणे शक्यही नाही. तेवढे निवडक अल्बम आम्ही आजही जुन्या सेवेवरच ठेवतो, आणि आपणही तसेच करावे असे मी सुचवीन.