हेल्मेट घाला की कापा?

प्रश्न : ताई, मी बुटीबोरीला एका कारखान्यात स्टोअरला आहे. जपानी पाहुणे येणार म्हणून गेटवरचा सेफ्टी बोर्ड जपानीत करायचं काम माझ्यावर आलं, काऊन की जपानीचा क्लास केलेला मीच एकटा. इंग्रजीत हेल्मेट, गॉगल, हँडग्लोव्हज, शूज सगळ्यांना एकच 'वेअर' होतं, मी डिक्शनरीतून 'किरु' उचललं अन् हिरागाना या जपानी लिपीत लिहिलं, 'हेरुमेत्तो ओ कित्ते कुदासाइ', म्हणजे 'कृपया हेल्मेट घाला'. पाहुणे वाचून हसले, बोलले काहीच नाही. काय चुकलं?

उत्तर : अहो, तुम्ही पाहुण्यांना हेल्मेट कापायला सांगितलं! घालायचं 'किरु' आणि कापायचं 'किरु' हिरागानात लिहिताना सारखंच दिसतं पण विनंती करताना घालायचं 'किते' होतं आणि कापायचं 'कित्ते', तुमचा एक त जास्त झाला. पण 'किते' लिहिलं असतं तरी चुकलंच असतं, कारण 'किरु' शर्ट, कोट, किमोनो अशा अंगात घालायच्या कपड्यांना. डोक्यावर असेल तर 'काबुरु', कमरेखाली पँट, मोजे, बूट असं काही असेल तर 'हाकु', चष्म्याला 'काकेरु', हातमोज्यांना 'हामेरु'.

जपानी लोक उगाच किचकट करतात असं वाटत असेल तर आपलं बघा ना, साडी नेसतो, चष्मा लावतो, फेटा बांधतो, आणि कुणी 'साडी घातली' म्हटलं की आजी लगेच डोळे वटारते. म्हणून इंग्रजी शब्द धरून बसूच नका, वस्तू शरीरावर कुठे जाते ते आधी बघा. फक्त मराठीवरही डोळे मिटून जाऊ नका, आपण नेसतो ती साडी जपानीत 'किरु'च, आणि मे महिन्यात गळ्याला गुंडाळतो तो दुपट्टा 'माकु'.

आता तुमचा बोर्ड. तिथे यातलं एकही क्रियापद नको. जपानमध्ये अशा पाट्यांवर 'चाकुयो', म्हणजे 'परिधान', असं लिहितात, हेल्मेट चाकुयो, मास्क चाकुयो, सीटबेल्टलासुद्धा तेच, तुमच्या चारही वस्तूंना चालतं. तोंडाने सांगताना मात्र हेल्मेटला 'काबुत्ते कुदासाइ', बुटांना 'हाइते कुदासाइ'. माणसाला तोंडावर नुसतं 'चाकुयो' म्हणाल तर पाटीच बोलतेय असं वाटेल.

आणि हो, परत जाताना काढायचं असतं तेव्हा हेल्मेट-बुटांना 'नुगु', पण गॉगलला 'हाझुसु'. मराठीत सगळ्यालाच 'काढा'. बोर्डावर ती ओळ नसेल तर सुटलात!