तिने पत्रिका घडी घालून परत ठेवली, म्हणजे नेमकं काय केलं?

पत्र थोडक्यात असं: "ताई, ऑफिसमधली माझी जवळची मैत्रीण ख्रिस्ती नाही. तिच्या आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला वाटलं हीच वेळ, म्हणून तारणाची पत्रिका, म्हणजे येशूवरच्या विश्वासाने तारण मिळतं असं सांगणारं छापील पत्रक, गुपचूप तिच्या पर्समध्ये सरकवली, रात्री व्हॉट्सॲपवर चार व्हिडिओ पण टाकले. सकाळी पत्रिका घडी घालून माझ्या कीबोर्डखाली ठेवलेली. तेव्हापासून ती जेवायला दुसऱ्या टेबलावर बसते. इकडे मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दर रविवारी विचारतात, या आठवड्यात किती जणांना येशूची सुवार्ता सांगितली, हात वर करा. माझा हात खालीच. ती अशीच राहिली तर देव मला जाब विचारेल का? – हात खाली असलेली"

अगं, आधी त्या घडीबद्दल बोलू. तू एका वाक्यात उरकून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच अडकले. चिडलेलं माणूस कागद चुरगळतं, नाहीतर चारचौघांना दाखवतं. हिने नीट घडी घातली आणि दुसऱ्या कोणाला दिसणार नाही अशा जागी ठेवली. पत्रिका नको होती, पण तुझा पाणउतारा पण करायचा नव्हता तिला. लागलं असेल ते वेगळंच असणार, आईच्या ऑपरेशनची धाकधूक असताना मैत्रिणीने आपली पर्स उघडली आणि "तू कशी आहेस" विचारायच्या जागी छापील कागद ठेवला.

मी फार शहाणी आहे म्हणून सांगत नाहीये हं. ओळखीतल्या एकीचे वडील गेले तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी बायबल घेऊन तिच्यासमोर बसले, ती म्हणाली "आज नको ना", आणि मी म्हटलं बस ही एकच ओळ. त्या एका ओळीपायी ती वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

आता जाबाचं. तुझ्या डोक्यात बायबलमधल्या यहेज्केलचा ३३वा अध्याय बसलाय हे कळतंय, पहारेकऱ्याने शिंग फुंकलं नाही तर दोष त्याच्या माथी. पण पुढे ९वं वचन वाच की, बजावूनही समोरचा वळला नाही तर पहारेकरी मोकळा. म्हणजे तुला छळणाऱ्या त्याच अध्यायाप्रमाणे सुद्धा तिचा निर्णय तुझ्या खात्यावर लिहिलेला नाही. मार्कच्या १०व्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस बघ, येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं, सांगायचं ते स्पष्ट सांगितलं, तो खट्टू होऊन निघून गेला आणि येशू काही त्याच्या मागे धावला नाही.

पण म्हणून "मी आपली चांगली वागेन, तोंड कशाला उघडायचं" असंही नको हं. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर एक वाक्य फिरत असतं, सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. त्यांच्या लिखाणात ते कुठेच नाही, आणि ते स्वतः तर गावोगाव फिरून बोलत होते! मत्तय २८ मधली येशूची आज्ञा खरीच आहे, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. फक्त त्याच्या दोनच वचनं आधी काय लिहिलंय ते कोणी सांगत नाही: समोर उभ्या असलेल्या ११ शिष्यांपैकी काहींना संशय वाटत होता. अशा माणसांना पाठवलंय त्याने, मग तुझ्या चाचरण्याचं काय एवढं. आणि बोलायचं कसं ते येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात सांगून ठेवलंय, जो विचारेल त्याला आपल्या आशेबद्दल सांगायला तयार राहा, पण सौम्यपणे, आदराने. जो विचारेल त्याला! पर्सने काही विचारलं नव्हतं गं.

हात वर करायच्या त्या प्रकाराबद्दल मात्र मला रागच आला. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी, आधी जोडे शिवायचा, १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला आणि पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला डिसेंबर १८०० मध्ये. मधली सात वर्षं दर रविवारी "किती जण वळले" असं विचारलं असतं तर त्याचा पण हात खालीच राहिला असता. पाळकांना, म्हणजे तुमच्या पास्टरना, एकदा बाजूला घेऊन सांग की या मोजणीमुळे मी मैत्रिणीकडे मैत्रीण म्हणून बघायचं विसरले. चांगले असतील तर ऐकतील, नाही ऐकलं तर हात खाली ठेवून बस, काही बिघडत नाही.

आणि तिला जाऊन भेट, मेसेज टाकू नकोस. एवढंच म्हण: "तुझी पर्स मी न विचारता उघडली, चुकलं माझं. मी प्रार्थना करते आणि मला त्याने धीर येतो, म्हणून तुला द्यावंसं वाटलं, पण पद्धत चुकली. आता तू विचारल्याशिवाय हा विषय काढणार नाही." यात तुझ्या विश्वासाची साक्ष पण आली बघ, दीड वाक्यात. त्यापुढे "पण" लावून काही जोडू नकोस. तिने विचारलं तर मनापासून सांग, नाहीच विचारलं तर जेवायला सोबत बस आणि तिचं ऐक.

बाकी, तुझं मूळ पत्र चांगलं तीन पानी आहे, मी दोनदा वाचलं. तिच्या आईचं ऑपरेशन झालं का, कसं झालं, हे त्यात कुठेच नाहीये.