अक्कलदाढ काढू की राहू देऊ?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी २१ वर्षांची आहे, खालची उजवी अक्कलदाढ अर्धीच वर आलीय, सहा महिन्यांत तीनदा हिरडी सुजली, जबडा धरतो, दोन दिवस नुसता वरणभात खाते मग आपोआप कमी होतं. सासूबाईंना ६८व्या वर्षीही चारही अक्कलदाढा आहेत, त्या म्हणतात लवंग धर, दाढ काढली की नजर अधू होते. काय करू?

उत्तर : ताई, आधी नजरेचं सांगते, दाढ काढल्याने डोळ्यांना काहीही होत नाही, याच भीतीपायी लोक दाढ पार सडेपर्यंत थांबतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. सासूबाईंच्या दाढा सरळ आल्या, ब्रश पोचला म्हणून टिकल्या, त्या काढायचं काही कारणच नाही. लेकीचं वेगळं आहे. अर्ध्या आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो, त्याखाली शीत अडकतं, तिथे ब्रश जात नाही आणि जंतू वाढून सूज येते, सूज उतरली तरी पदर तिथेच असतो ना, म्हणून परत परत होतं. तीनदा झालंय तर आता ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे काढाच. दाढ तिरकी असेल तर पुढच्या चांगल्या दाढेला मागून कीड लागते, आणि ओठाला संवेदना देणारी नस मुळांच्या किती जवळ आहे तेही त्यात दिसतं. काढायची ठरली तर हे वय चांगलं, चाळिशीनंतर हाड घट्ट होतं, जखम भरायलाही वेळ लागतो.

तोवर कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून ३-४ वेळा चुळा आणि लहान मुलांचा छोटा ब्रश मागपर्यंत फिरवायचा. लवंगतेल कापसावर थेंबभरच, जास्त झालं तर हिरडी भाजते. ताप आला, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे उतरली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल.

काढल्यावर पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, खड्ड्यातली रक्ताची गाठ निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो.

आणि सासूबाईंनाही सोबत आणा, या वयात हिरड्या मागे सरकतात आणि उघड्या पडलेल्या मुळाला कीड लागते, मिश्री लावत असतील तर ती मात्र आजच सोडायला सांगा.