डेनाली की मॅकिन्ली?

प्रश्न: जुलैमध्ये आम्ही दोघं अमेरिकेला मुलाकडे जाणार आहोत, तिथून अलास्काचा बेत आहे. तिथलं सर्वांत उंच शिखर एका नकाशात डेनाली आहे, दुसऱ्यात माउंट मॅकिन्ली. राष्ट्रीय उद्यान मात्र डेनालीच. असं का? आणि शिखर हमखास दिसतं का?

उत्तर: शिखर एकच, ६,१९० मीटरचं, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच. ‘डेनाली’, म्हणजे ‘उंच तो’, हे तिथल्या कोयुकॉन लोकांचं नाव. १८९६ मध्ये सोनं शोधायला आलेल्या विल्यम डिकीने त्याला मॅकिन्ली म्हटलं. विल्यम मॅकिन्ली तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि चलन सोन्यावरच आधारलेलं असावं या मताचे. डिकीही त्याच मताचा. मॅकिन्ली अलास्कात कधीच गेले नाहीत, तरी १९१७ मध्ये उद्यानालाही त्यांचंच नाव मिळालं.

१९७५ मध्ये अलास्का राज्याने शिखराचं जुनं नाव परत मागितलं. मॅकिन्ली ओहायोचे. तिथले खासदार राल्फ रेग्युला यांनी ते वर्षानुवर्षं अडवलं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, विधेयक प्रलंबित असेपर्यंत केंद्र सरकारचं नामकरण मंडळ त्या नावाला हात लावत नाही, म्हणून ते पुन्हापुन्हा विधेयक मांडत राहिले! उद्यानाचं नाव मात्र १९८० मध्ये कायद्यानेच ‘डेनाली’ झालं. शिखराचं बदललं २०१५ मध्ये, तेही सरकारी आदेशाने. जानेवारी २०२५ मध्ये नव्या आदेशाने ते फिरवून पुन्हा मॅकिन्ली केलं गेलं. उद्यानाचं नाव कायद्यात असल्याने त्याला धक्का लागला नाही. बुकिंग करताना ‘डेनाली’ हेच शोधा. आमच्या मते शिखराचंही खरं नाव तेच. पिढ्यान् पिढ्या त्याच्या पायथ्याशी राहिलेल्यांचं ते आहे.

हमखास मात्र दिसत नाही. उन्हाळ्यात साधारण तिघांतल्या एकालाच दर्शन होतं, कारण समुद्राकडून येणारी दमट हवा या उंच भिंतीला अडते आणि ढग शिखराभोवतीच साचतात. एका दिवसाचा बेत बहुधा फुकट जातो. उद्यानाजवळ निदान दोन-तीन रात्री ठेवा. खासगी गाडी सॅव्हेज नदीपर्यंत, म्हणजे १५ मैलच जाते, पण आकाश मोकळं असेल तर नवव्या मैलाच्या आसपासच शिखर डोकावतं. पुढे बस. प्रिटी रॉक्सजवळ जमीन खचत असल्याने २०२१ मध्ये रस्ता ४३व्या मैलाला बंद करावा लागला. बस सध्या कुठवर जाते ते पाहूनच तिकीट काढा. अँकरेजहून गाडीने येणार असाल तर दक्षिणेकडचं टल्कीटना गाव वाटेवरून थोडंसंच आत आहे. तिथेही एक रात्र काढा, म्हणजे दुसऱ्या बाजूनेही संधी मिळेल.