2022 च्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) हंगामात 1-6 (एक विजय, सहा पराभव) अशी सुरुवात होऊनही डेट्रॉइट लायन्स 9-8 पर्यंत कसे पोचले?

मुख्य कारण म्हणजे चेंडू जपणं. पहिल्या सात सामन्यांतही गुण होत होते, पण बचाव चाळणीसारखा गळत होता. मायामीकडून 31-27 हरल्यावर बचावफळीच्या एका प्रशिक्षकाला काढलं, टाइट एंड (पास झेलणारा आणि अडवणूकही करणारा खेळाडू) हॉकन्सनलाही मिनेसोटाला देऊन टाकलं. बहुतेकांनी तेव्हा हंगाम सोडूनच दिला होता.

पुढच्याच सामन्यात ग्रीन बेला 15-9 हरवलं, त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) अ‍ॅरन रॉजर्सचे तीन पास मधेच पकडून. तिथून दहापैकी आठ विजय. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने शेवटच्या नऊ सामन्यांत एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला नाही! मधे कॅरोलायनाने मात्र चेंडू घेऊन 320 यार्ड धावून पार लोळवलं, आणि माझ्या मते प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) तिथेच निसटलं.

शेवटचा सामना मला सगळ्यात जवळचा. ग्रीन बेच्या घरच्या लॅम्बो फील्डवर खेळ सुरू व्हायच्या जरा आधीच शर्यतीतलं सिअ‍ॅटल जिंकलं आणि लायन्स प्लेऑफच्या शर्यतीतून बाद झाले. तरी ते जीव तोडून खेळले. जमाल विल्यम्सने हंगामातला 17 वा रशिंग टचडाउन (चेंडू घेऊन धावत गाठलेली गोलरेषा) करून बॅरी सँडर्सचा संघविक्रम मोडला, आणि 20-16 ने जिंकून त्यांनी ग्रीन बेलाही प्लेऑफबाहेर काढलं.